बिनपाण्याची अंडी

३ फेब्रुवारी, सोमवार

पुस्तिका तीनदा वाचली. पाणी कुठेच नाही. अंडी टोपलीत ठेवा, तापमान लावा, वेळ लावा, संपलं. उकडलेली अंडी — आणि पाणी नाही! बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चंचुपात्रं उकळत आले, पण असलं काही ऐकलं नव्हतं.

एअर फ्रायर लेकीने पाठवला, तिच्या नोकरीच्या गावाहून, भल्यामोठ्या खोक्यात. फोनवर म्हणाली, "आई, रोज सहा अंडी उकडत गॅसपाशी उभी राहतेस, त्यापेक्षा यात टाक आणि आंघोळीला जा." मला आंघोळीचं काही नाही. मला ते भांडंभर पाणी नको होतं.

म्हणजे असं. ह्यांना दिवसाला एक लिटर पाणी. चहा, औषधांचे घोट, सगळं धरून एक. मूत्रपिंडं बंद पडली त्याला आता दीड वर्ष होईल. मंगळ, गुरू, शनि डायलिसिस. पाण्याची बाटली वेगळी, तिच्यावर ह्यांनीच रंगाने रेघा आखल्यात, दुपारची, संध्याकाळची. आणि रोज सकाळी मी त्यांच्यासमोर दीड लिटर पाण्यात अंडी उकडते आणि ते पाणी मोरीत ओतते. हे बोलत काहीच नाहीत. नुसते बघतात. पाणी जाताना आवाज होतो ना, तेव्हा.

म्हणून बिनपाण्याची अंडी. जमतात का बघू.

४ फेब्रुवारी, मंगळवार

महिन्याचं रक्त तपासून आलं. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, २.९. मागच्या महिन्यातही तेवढंच. डॉक्टर म्हणाले, "साडेतीनच्या वर न्या, मग पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे माझं मूत्रपिंड. रक्तगट जुळतो. मी डिसेंबरातच सांगून टाकलं — मी देते, घ्या. पण अंगात प्रथिनं इतकी कमी असताना शस्त्रक्रिया केली तर जखम भरत नाही, होत्याचं नव्हतं होतं म्हणे. मग निदान माझ्या तपासण्या तरी उरकून घ्या, म्हटलं. "आत्ता केल्या तर शिळ्या होतील. आधी यांचा आकडा." दुसरा रस्ता म्हणजे मेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडासाठी यादीत नाव घालायचं आणि थांबायचं. त्यावर ह्यांनी तिथेच हात जोडले. "कुणीतरी अनोळखी माणूस जायची वाट बघत बसू? मला नाही जमणार."

म्हणजे सगळं आलं अंड्यांवर. रोज सहा पांढरे. पिवळ्यात फॉस्फरस, ते ह्यांना बाधतं. दोन सकाळी घरी, चार डब्यात — डायलिसिसच्या दिवशी तिकडे, एरवी दुकानात. दुकान म्हणजे पाट्या रंगवायचं. शिडीवर चढायचं बंद केल्यापासून मोठ्या पाट्या घेत नाहीत. दारावरची नावं, दवाखान्याच्या वेळा, एवढंच.

पांढरं घशाखाली उतरत नाही म्हणतात. रबर चावल्यासारखं. मीही खाऊन बघितलं. खोटं नाही.

संध्याकाळी पहिला प्रयोग. दोन अंडी, फ्रिजमधून थेट टोपलीत. १८० अंश. अकराव्या मिनिटाला फट्! यंत्र थांबवून टोपली ओढली तर एक अंडं जागेवर, दुसरं सगळीकडे. पुस्तिकेत १३० लिहिलंय, मला माहीत होतं. पण जास्त आच म्हणजे कमी वेळ, असा आगाऊपणा केला. पोरांना याच्यावरूनच ओरडत असते मी.

हे दारातून म्हणाले, "फोडायचंच होतं तर चमच्याने फोडायचं."

५ फेब्रुवारी, बुधवार

यंत्र पुसायला पाऊण तास. वाळलेलं पिवळं म्हणजे सिमेंट.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शिस्तीत. अंडी आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवलेली. चार अंडी, १३० अंश. एकेक वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर काढायचं. कवचावर आकडे घालायला ह्यांना बसवलं. शाईने नको, कवचाला बारीक भोकं असतात, आत झिरपते — पेन्सिलने. तर यांनी ११, १३, १५, १७ असे आकडे काढले, वळणदार, खाली बारीक सावली देऊन! अंड्याला सावली! म्हटलं पाटी नाही ही. म्हणाले, "काम ते काम."

निरीक्षण :

११ — पांढरं आतून पाणीदार. टाकलं.

१३ — पांढरं छान, अगदी मऊ. पण पिवळं ओघळतं, पांढऱ्याला माखतं.

१५ — दोन्ही घट्ट. पांढरं जरा चिवट.

१७ — पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, पिवळ्याभोवती हिरवट कडा, वास. हाच तो वास!

आम्हाला पिवळ्याचं सोयरसुतक नाही, पण ते अख्खं निघून यायला हवं. म्हणजे तेरा आणि पंधराच्या मध्ये कुठेतरी. अजून एक गंमत. गरम वारा नुसता वाहत नाही, अंडी हलवतो. आत टकटक टकटक चालू असतं, कुणीतरी दार वाजवत असल्यासारखं. मी दोनदा दाराशी जाऊन आले.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी शब्दावरून वाद. मी म्हटलं उकडलेली अंडी, हे म्हणाले पाण्याशिवाय उकडलेलं कसं म्हणशील? पाणी नाही म्हणजे भाजलेलं. मी म्हटलं भाजलेल्याला डाग पडतात, हे तर स्वच्छ पांढरं. मग शिजवलेलं? वाफवलेलं? वाफ कुठाय? पाट्या रंगवणाऱ्या माणसाशी शब्दावरून वाद घालू नये, तो शब्दाला नुसता अर्थाने नाही, रुंदीनेही मोजतो.

शेवटी यांनीच निकाल दिला. "माणसाला उकडतं तेव्हा तो काय पाण्यात बसलेला असतो? मला बाटलीतल्या रेघांत राहूनही उकडतं. मग अंड्याला का उकडू नये?"

तर उकडलेलंच. ठरलं.

दोन पांढरे माझ्यासमोर खाल्ले. चार डब्यात घालून फिरायला गेले. रविवारी डबा कशाला, विचारलं. बागेत बसून खातो म्हणाले. हवेत बरं जातं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! १३५ अंश, १४ मिनिटं, अंडी खोलीच्या तापमानाची, ओळीत एकमेकांना न चिकटता. आणि लगेच थंड पाण्यात पाच मिनिटं. हे शेवटचं नाही केलं तर आतली उष्णता शिजवतच राहते आणि कवच पांढऱ्याला धरून बसतं. अंडी आठवडाभर जुनी हवीत. ताज्याचं कवच सोलताना निम्मं पांढरं कवचाबरोबर जातं. मी आयुष्यभर ताजी अंडी शोधत हिंडले, आणि आता दुकानदाराला विचारते, जुनी आहेत का हो? तो माझ्याकडे बघतच राहिला.

पण थंड पाण्याचं बघून हे हसले. "शेवटी लागलंच की त्याला पाणी."

मला वाईट वाटलं. एवढा खटाटोप त्यासाठीच केला होता. आता वाडगा मागच्या ओट्यावर ठेवते, ते पाणी कुंड्यांना घालते. मोरीत ओतत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे म्हणाले, "आज रबर नव्हतं." दीड वर्षात जेवणाबद्दल पहिलं चांगलं वाक्य.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रोज सहा पिवळी उरतात. टाकवत नाहीत. दोन मी ब्रेडवर चुरून मिरपूड घालून खाते, बाकीची शाळेत नेते. विज्ञानाच्या बाई माझ्या डब्यावर टपलेल्याच असतात. त्यांनाही आता एअर फ्रायरचं वेड लागलंय. आज मोकळ्या तासाला दोघी फळ्यापाशी — वाऱ्याने उष्णता आत कशी जाते, पाण्याने कशी. पाणी शंभरावर जातच नाही, म्हणून त्यात अंडं करपत नाही. वाऱ्याला असला काही धरबंध नाही. म्हणून आपण त्याला वेळेने बांधायचं. बाई म्हणाल्या, तुम्ही शिकवायला हवं होतं. मी म्हटलं, मला प्रश्न पडतात, उत्तरं पाठ होत नाहीत.

डबा रिकामा परत येतो, रोज. स्वच्छ. माझी छाती थोडी फुगते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डायलिसिसला शेजारच्या खाटेवर एक केस कापणारे गृहस्थ असतात. हे त्यांना कात्रीराव म्हणतात. दुकानही ह्यांच्याच गल्लीत, समोरासमोर. आधी ओळख नव्हती, खाटा शेजारी आल्यावर झाली. आज हे सांगत होते, कात्रीरावांचा चेहरा सुधारलाय, दोन गिऱ्हाइकं उभ्याने करतात आता. मी म्हटलं बरं झालं.

तेवीस दिवसांत ह्यांनी बारा पाट्या रंगवल्या, मी सव्वाशेच्या वर अंडी उकडली. यंत्राच्या टोपलीचा काळा रंग एका कोपऱ्यात उडाला.

४ मार्च, मंगळवार

२.८.

उतरला!

कागद दोनदा वाचला. नाव तेच, वय तेच. डॉक्टरांनी विचारलं, "अंडी खाताय ना?" हे म्हणाले, "हिला विचारा, ही तर दिवसभर तेच करते." मी मान डोलावली. चौदा मिनिटं, १३५ अंश, मी तर वहीतून वाचूनच दाखवणार होते.

मला समजत नाहीये. आत जातंय ते कुठे जातंय?

५ मार्च, बुधवार

एक शंका डोक्यातून जाईना — यंत्राचाच दोष? कोरड्या आचेने प्रथिनं बिघडतात का? पाण्यात उकडलेलं अंगी लागतं आणि हे लागत नाही, असं काही? आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तसं काही नसतं, अंडं कसंही शिजवा, प्रथिनं तेवढीच. मग त्यांनीच पचनाचं विचारलं. सूज, ताप, जुलाब? काहीच नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही अगदी मोजून देताय ना?" मोजून! मला विचारतात!

९ मार्च, रविवार

तुलनेचा प्रयोग सुरू. तीन आठवडे पुन्हा भांड्यात, पाण्यात. बाकी काही बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. एअर फ्रायर कपाटावर ठेवला. हे म्हणाले, "त्याने काय घोडं मारलंय तुझं?" त्यांना त्याची बाजू घेताना पहिल्यांदाच ऐकलं.

पाणी मोरीत ओतते, हे बघतात. पुन्हा तेच.

२१ मार्च, शुक्रवार

रबर, म्हणाले.

१ एप्रिल, मंगळवार

२.८. हलला नाही, वर नाही की खाली नाही.

म्हणजे यंत्र निर्दोष. पाणी निर्दोष. अंडी तीच. मग काय उरलं? डॉक्टर आता म्हणतात, असंच चाललं तर शस्त्रक्रियेचा विचार सोडून द्यावा लागेल, वर्ष-दोन वर्षं डायलिसिसवर काढायची, पुढचं पुढे. वर्ष-दोन वर्षं — मग पुढचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरी येताना बसमध्ये हे खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत होते, अमक्या दुकानाचा काना चुकलाय म्हणून.

एअर फ्रायर खाली काढला.

५ एप्रिल, शनिवार

सगळं लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

शनिवारी शाळा अर्धी. ह्यांना आणायला मीच गेले, एरवी ते एकटे येतात. थोडी लवकर पोचले. बाहेरच्या बाकावर एक बाई बसलेल्या, मांडीवर रिकामी पिशवी. मला बघून उठल्या. "तुम्ही पाटीवाल्या दादांच्या ना? मी समोरच्या सलूनवाल्यांची." कात्रीरावांच्या बायको. मी हसले, बसले. त्यांनी माझा हात धरला.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्या अंड्यांनी यांचा आकडा तीनवरून तीन पॉइंट नऊ झाला. डॉक्टरसुद्धा म्हणाले, काय केलंत. मी म्हटलं आम्ही नाही, दादांच्या घरून येतात. रोज चार, मऊसूत. यांना दुसरं अंडं चालतच नाही आता. मध्ये तीन आठवडे कडक यायला लागली, तर म्हणाले वहिनींचं काहीतरी बिनसलंय."

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक "असू दे" म्हणाले.

प्रयोग यशस्वी झाला होता. नुसतं पात्र चुकलं!

दोन महिने मी तापमान लिहिलं, मिनिटं लिहिली, अंड्यांचं वय लिहिलं. किती दिली ते रोज लिहिलं. किती खाल्ली ते एकदाही लिहिलं नाही. रिकामा डबा बघितला आणि पोट भरलं असं धरून चालले. पहिलीतल्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला ओट्यापाशी उभं केलं असतं.

हे बाहेर आले, मला आणि त्या बाईंना शेजारी बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना कळलंय.

६ एप्रिल, रविवार

भांडण. तेवीस वर्षांत एवढं झालं नसेल.

मला वाटलं होतं दयेपोटी दिली असतील. शेजारचा माणूस खंगतोय, आपला डबा पुढे केला, स्वभावच तसा. तसं असतं तर मी चिडले असते आणि विसरले असते. पण तसं नाही. मी विचारलं, "त्यांना द्यायचीच होती तर मी दहा उकडली असती. मला सांगितलं का नाही?" तेव्हा म्हणाले, "मला खायची नव्हती म्हणून त्याला दिली. फेकायला जिवावर आलं."

का? चव तर आवडली होती.

"आकडा वर गेला की तुला टेबलावर घेणार. मला तुझं मूत्रपिंड नको. एक आजारी माणूस घरात पुरे झाला. तुला नाही म्हणायला गेलो तर तू ऐकणार नाहीस. आकड्यानेच नाही म्हटलं की विषय मिटतो."

विषय मिटतो म्हणे. कसा मिटणार होता, ते त्यांना ठाऊक होतं. बाटलीवर रेघा आखाव्यात तशी स्वतःची रेघ आखून बसलेले. आणि मी रोज सकाळी टोपलीपाशी टकटक ऐकत उभी!

मी खूप बोलले. खोटारडे म्हणाले. माझ्या जिवाशी खेळलात म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "तू डॉक्टरांना 'मी देते' म्हणालीस, तेव्हा मला विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं.

७ एप्रिल, सोमवार

बोललो नाही. अंडी उकडली. चौदा मिनिटं. कुणीच खाल्ली नाहीत.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी मीच सुरुवात केली. म्हटलं, विचारते आता. घ्याल का माझं?

बराच वेळ चहाच्या कपाची कड पुसत बसले. मग म्हणाले, "भीती वाटते गं. माझी नाही. आधी तुला नेणार. तू आत आणि मी बाहेर, असं कधी झालेलं नाही. नेहमी मी आत असतो, तू बाहेर. मला बाहेर बसता येणार नाही."

मला राग धरून ठेवायचा होता, पण धरता आला नाही.

करार असा झाला : ते खातील, माझ्यासमोर, आकडा साडेतीनवर जाईपर्यंत. मग माझ्या तपासण्या. डॉक्टरांनी माझ्या बाबतीत कणभर जरी शंका काढली तर विषय बंद, मी एक शब्द काढायचा नाही. आणि शंका नाही काढली तर त्यांनी एक शब्द काढायचा नाही. दोघांनी मान्य केलं. त्यांनी बाटलीच्या मागे पेन्सिलने ३.५ लिहिलं, सावली देऊन.

१३ एप्रिल, रविवार

आता दहा अंडी. कात्रीरावांची बंद करणं जिवावर आलं. त्यांचा काय दोष? दोन घाणे लागतात. दुसरा घाणा यंत्र आधीच तापलेलं असल्यामुळे एक मिनिट कमी. हे आधी लक्षात नव्हतं आलं, कात्रीरावांना दोन दिवस पंधरा मिनिटवाल्यासारखी चिवट मिळाली. काही बोलले नाहीत बिचारे.

मी शाळेत असते तेव्हा त्यांच्या बायकोने ह्यांच्यावर पहारा ठेवलाय. डायलिसिसला डबा उघडतानाच शेजारी येऊन उभ्या राहतात. "दादा, हे तुमचे चार, हे यांचे चार. इकडचं तिकडे नाही." हे म्हणतात, शाळेतही एवढं कुणी डोळ्यांत तेल घालून बघितलं नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

नवीन शोध! सोललेले पांढरे उभे कापायचे, मिरपूड, मीठ नाही, आणि परत टोपलीत चार मिनिटं, १८० वर. कडा कुरकुरीत होतात. ह्यांनी सहाच्या सहा एका बैठकीत संपवले आणि टोपलीत वाकून बघितलं. अजून आहेत का म्हणून! मी दोन महिने मऊ करण्यापायी झिजले, आणि ह्या माणसाला कुरकुरीत हवं होतं. विचारलंच नव्हतं.

६ मे, मंगळवार

३.२. एका महिन्यात! डॉक्टरांनी चष्मा काढून बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मला हसू आवरेना.

रात्रीपुरतं तरी बरं वाटतंय. ह्यांच्या गालावर जरा रंग आलाय, की मला तसं वाटतंय? उद्या नीट उजेडात बघेन.

१८ मे, रविवार

आज ह्यांनी दुकानाच्या दारासाठी पाटी रंगवली. "येथे उकडलेली अंडी मिळत नाहीत." कात्रीराव समोरून येऊन वाचून गेले आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक तसंच साबण लावून सोडून हसत उभे राहिले, हेही त्यांच्याबरोबर. माणूस इतका हसू शकतो, हे मी दीड वर्ष विसरले होते. म्हणजे ह्यांच्याबद्दल म्हणतेय.

३ जून, मंगळवार

३.६! रेघ ओलांडली.

घरी आल्यावर ह्यांनी बाटलीमागचं ३.५ खोडलं नाही, तसंच ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत, कराराप्रमाणे. पण संध्याकाळी चपला शोधायच्या निमित्ताने तीनदा माझ्या खोलीत येऊन गेले. चपला पायातच होत्या.

आता माझी पाळी. रक्त, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, सोनोग्राफी. मला खरं सांगायचं तर उत्सुकता आहे. आत काय आहे ते कधी बघितलंच नाही.

९ जून, सोमवार

रक्त उत्तम. हृदय उत्तम. साखर नाही. कोलेस्टेरॉल मात्र काठावर — एवढी पिवळी खाल्ल्यावर आणखी काय होणार? डॉक्टर म्हणाले, चालेल. पिवळी विज्ञानाच्या बाईंच्या हवाली केली, सगळीच्या सगळी.

बुधवारी सोनोग्राफी, मग तारीख.

११ जून, बुधवार

तपासणाऱ्या बाई डाव्या बाजूला बराच वेळ फिरवत राहिल्या. मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मग दुसऱ्या बाईंना बोलावलं. मी म्हटलं, सापडत नसेल तर सांगा, काय शोधताय? कुणी हसलं नाही.

मला एकच आहे. उजवं. जन्मापासूनच एक. चांगलं मोठं, दोघांचं काम करतंय, पण एकच. लेकीच्या वेळी सोनोग्राफी झाली होती, पण तेव्हा सगळे तिलाच बघत होते.

बाहेर बाकावर हे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा पांढराफटक. सांगितलं. समजायला वेळ लागला. मग म्हणाले,

"म्हणजे मी उगाचच उपाशी राहिलो."

मी हसले आणि मग रडले, तिथेच, सगळ्यांसमोर. त्यांनी पिशवीतून डबा काढला. चारही पांढरे खाल्ले, सावकाश, एकेक, पाण्याच्या घोटाशिवाय. मग उठले.

"कुठे निघालात?"

"ती यादी कुठल्या खिडकीवर करतात? नाव घालून येतो. घरात आता चालू असलेलं एकच आहे, त्याची राखण करायला कुणीतरी नको का?"

आणि रांगेत जाऊन उभे राहिले.